शून्य पॉइंट सोळा काय?

स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस म्हटलं की लोकांना वाटतं, इथं माणसं आकडे मांडत गप्प बसलेली असतील. अहो, लातूरला आमच्याकडे या, किस्से ठेवायला कपाट पुरणार नाही!

आमचे बिराजदार सर एककाशिवाय आकडा ऐकूनच घेत नाहीत. पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, चहा किती सांगू?" मी म्हणाले, "दोन." "दोन काय? कप, किटली, का बादली?" तेव्हापासून मी घरीसुद्धा "पोळ्या, दोन नग" म्हणते.

*

औशाकडच्या काशीबाई नव्या घरासाठी मुलाला घेऊन आल्या. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, खाली बसलं, तेव्हापासून काशीबाई कुठल्याच छताखाली झोपल्या नव्हत्या. अंगणात बाज, पावसात वर पत्रा. सर समजावू लागले, "तुमच्या भागाला भूकंपाच्या कोडमध्ये शून्य पॉइंट सोळा जी..." काशीबाईंनी हात वर केला. "आकडा ऱ्हाऊ द्या. आत निजू का, तेवढं सांगा!"

*

डिझाइन आमच्या ऑफिसातल्या, नांदेडच्या सलीमकडे गेलं. जी म्हणजे हातातून सुटलेली वस्तू ज्या त्वरणानं खाली येते, ते. भूकंपाचा धक्का त्याच्या पटीत मोजतात. सलीमनं शून्य पॉइंट सोळा हा आकडा मीटर प्रति सेकंद वर्ग समजून भरला. धक्का दहापट हलका, कॉलम काडीसारखे! सर बघून म्हणाले, "सलीम, हा भूकंप न्हाई. समोरून रिक्षा गेली!"

*

मग सलीमनं दुरुस्ती केली आणि जी चुकून दोनदा गुणला. काशीबाईंच्या मुलानं नकाशा उलटसुलट फिरवला. "साहेब, खांब लई झकास हायेत. खोल्या कुठं हायेत?"

तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. तरी सरांनी सगळा हिशेब स्वतःच्या हातानं पुन्हा मांडला.

*

पुण्याचे एक बडे इंजिनिअर आमचं दुसरं एक डिझाइन तपासायला आले होते. तास-दोन तास पानं उलटली, चूक सापडेना. शेवटी म्हणाले, "एकही एकक सुटलेलं नाही! कुठं शिकलात?" सर म्हणाले, "इथंच. ही पायाखालची भुईच आमची मास्तरीण हाय!" खरं सांगते, त्या दिवशी माझी मान अशी ताठ झाली की रात्री बाम लावावा लागला.

*

काशीबाईंची वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर त्यांनी अंगणातली बाज उचलून हॉलमध्ये, बरोबर स्लॅबच्या मधोमध आणून टाकली. सलीम माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, आता निजतेत बघा!" पण त्या सरांकडे वळल्या.

"आधी तुम्ही निजा."

सरांनी चष्मा काढून सलीमच्या हातात दिला आणि आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले! काशीबाई उंबऱ्यात बसून एकदा स्लॅबकडं बघायच्या, एकदा सरांकडं. बराच वेळ गेला. मुलगा सरांना हलवायला निघाला, तशा त्या उठल्या आणि काखेत गोधडी घेऊन आत आल्या.

"उठवू नको रे त्यांना. मी पलीकडं टाकते."