वारा पडतो तिथे

दुपारी जेवून मी माजघरात जरा लवंडते. डोळा लागतोय न लागतोय तोच मागल्या दाराशी कोणीतरी खाकरतं. हे खाकरणं माझ्या आईचं. आई जाऊन पाच महिने झालेत.

"निजलंस काय गो? उद्या बेटार जावचा ना?"

जायचंय ना! म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. धोंडबेटावर आता कोणी राहत नाही. विहिरीचं पाणी खारं झालं आणि तिन्ही वाड्या उठल्या, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. तरी वर्षातून एकदा सगळे होडीतून जातात आणि आपापल्या उंबऱ्यावर तांब्याभर गोडं पाणी ओततात, घरातल्या गेलेल्यांसाठी. आमचा उंबरा वाळूखाली गेलाय. जागा फक्त आईला ठाऊक होती, आमच्या घरातून दर वर्षी तीच जायची. दादा म्हणतो, "ओत खंय पण, बेट आपलाच आसा." खंय पण म्हणे! माझी आई काय शेजाऱ्यांच्या दारात पाणी मागत फिरणार?

"आये, आपला घर खंय होता?"

"चल."

मागल्या दाराबाहेर पाऊल टाकते तर मासळीबाजार. दोन टोपल्या ओलांडते तर पायाखाली ओली पुळण, आणि समोर बेटावरची आमची खारवाडी उभी. घराघरांत चुली पेटल्यात, पेजेचा वास येतोय, माणूस मात्र एक नाही. पश्चिमेकडून वारा असा सुटलाय की पदर ठरत नाही. यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही, तरी इथून हलूच नये असं वाटतं.

"घरां मोजू नको," आई म्हणते. "डोळे मीट आणि चल."

मी चालते. कानात नुसता वाराच वारा. आणि एकाएकी तो पडतो. सगळं गप्प.

"हयसर वाऱ्याक डोंगराचो कडो आडवो येता. आपल्या दारातलो दिवो कधी विझलो नाय."

डोळे उघडते तर आम्ही माजघरात. उद्यासाठी भरून ठेवलेल्या तांब्यावरची ताटली काढून आई पाणी पितेय, तोंडात पान तसंच ठेवून, तांब्या तोंडाला लावून.

"आये, तां उद्याचा पाणी!"

"मगे परत भर. थंय खारा पिवन पिवन जीव विटलो माझो."

"थांब गे जरा. तुझ्याशिवाय माका करमना नाय."

ती पदराने तोंड पुसते. "उद्या येतंस मा?" एवढंच विचारते.

वहिनी चहाला हाक मारते तेव्हा मी जागी होते. ताटली जमिनीवर आहे. तांब्यातलं पाणी अर्ध्यावर आलंय. सकाळी चिंचेने लखलखीत घासलेल्या काठावर पानाचा लाल डाग आहे. आई गेल्यापासून आमच्या घरात पान कोणी खात नाही.

"आणा वन्सं, घासून देतय," वहिनी हात पुढे करते.

"नको गो, घासू नको. भरून दे नुसता."

ओसरीवरून दादा विचारतो, "मगे ठरला काय, ओतूचा खंय ता?"

"होडीतून उतरलस की माझ्या मागसून ये," मी सांगते. "डोळे मिटून चलाचा आसा."