फ्यूज माझ्या मुठीत होते, तरी पाइपातून पाणी आलं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. निपाणीत हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यातही वीज हा धडा आवडीचा... त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आमचं शेत बोरगावच्या पुढं, ओढ्याला लागून. धाकटा भाऊ सुकुमार शेती बघतो, मी रविवारी जाते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. बंगालच्या उपसागरातलं वादळ विरत विरत आमच्याकडं पोचलं होतं. नुसती भुरभुर. लाइट सकाळीच गेलेली. सुकुमारची बायको पद्मा दुपारी बस्तीत, आमच्या जैन देवळात, पूजेला गेली, जाताना मला सांगून गेली, “आक्का, वरच्या अंगाला लई काळं झालंय. ह्यांना आज ओढ्याकडं सोडू नका.” मी बरं म्हटलं.

मग मोबाइलवर बातमी वाचली — वादळाचा जोर ओसरला. झालं, मला वाटलं आता धोका नाही. मीच सुकुमारला म्हटलं, “मोटर तेवढी काढून आण रं, उगा पाण्यात जाईल.” आमच्याकडं पाणी वाढायचं म्हटलं की माणूस आधी मोटर काढायला पळतो. माझं शिक्षण तेव्हा कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

चारच्या सुमारास दोघं गेलो. स्टार्टरची पेटी वर बांधावर, तिथंच पाइपाचं तोंड, मोटर तीसेक फूट खाली, ओढ्याच्या काठाशी. लाइट अचानक आली तर शॉक नको म्हणून मी तिन्ही फ्यूज काढून मुठीत धरले. सुकुमार पाना घेऊन उतरला, नट सोडायला लागला.

आणि माझ्या शेजारचा पाइप खोकला. आधी हवा... मग पाणी. पूर्ण दाबानं पाटात पडायला लागलं. ओढा गढूळ होता — हे पाणी मात्र नितळ.

“सुकुमार, मोटर सुरू झालीया. हात लावू नको, वर ये.”

“फ्यूज काढलेस न्हवं?”

“माझ्या मुठीत हायत रं.”

“आक्का, चेष्टा करायची येळ हाय व्हय ही?” तो वैतागून वर चढला. पेटीत डोकावला. तिन्ही खाचा रिकाम्या. मग त्यानं माझ्या मुठीकडं बघितलं, पाइपाकडं बघितलं.

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगानं दगड घासल्यासारखा आवाज आला. आमच्या डोक्यावर अजून भुरभुरच होती. ओढा वळणावरून पुरुषभर उंचीनं आला — झाडं, पाचट, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. सुकुमार बसला होता ती जागा मोटरीसकट गेली. पाइप बंद पडला.

नंतर लई डोकं चालवलं. पाइपात राहिलेलं पाणी खाली उतरतं, वर चढत नाही. लाइनमन म्हणाला, “मॅडम, तुमची लाइन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंदच हुती.” आणि सुकुमार सांगतो, मी हाक मारली तेव्हा त्याचा हात मोटरीवरच होता. ती थंडगार होती, फिरतच नव्हती.

पद्मा आता येईल त्याला सांगते, आक्कांनी हाक मारली म्हणून ह्यांचा जीव वाचला. परवा तर माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले, तर तिला वाटलं मी संकोचले. पाणी वर कुणी चढवलं, हे मला आजही सांगता येत नाही. सुकुमारला खाली कुणी पाठवलं, ते त्यानं पद्माला सांगितलेलं नाही... आणि माझ्या तोंडून ते निघत नाही.