सरूबाईचं बुजणं

सरूबाईचं बूड कधी जमिनीला टेकलेलं कुणी पाहिलं नाही. भाकरी थापता थापता ती दोनदा दारात येऊन बघून जायची, जेवताना एक पाय उभाच ठेवायची, आणि बोलायला लागली की समोरच्यानं मान डोलवण्यापलीकडं काही करायचं नसे. शिरूर तालुक्याच्या पार वरच्या टोकाला, माळाच्या उतरणीवर ठाकरवाडी होती. तिथं कुणाचं लग्न जमायचं, कुणाचं मोडायचं, कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली, यातलं काहीही सरूबाईवाचून व्हायचं नाही. नवरा लवकर गेला. त्याच्या वाटणीचंही तीच बोलते, असं वाडी म्हणायची.

वाडीखालचा ओढा ओलांडला की आंबेगाव तालुका लागायचा. तिथल्या वाडीत सरूबाईची सख्खी बहीण दिलेली होती. ती सरकारदरबारी आदिवासी होती, आणि अलीकडची सरूबाई नुसतीच ठाकर. दोघी एकाच आईच्या पोटच्या. पण कायद्याच्या यादीत ठाकर या नावापुढं तालुक्यांची नावं होती, आणि त्यात शिरूर नव्हतं. रक्तापेक्षा ओढा मोठा ठरवणारा हा कायदा कुणाच्या डोक्यातून निघाला ते देव जाणे.

पंचाहत्तर साली हवा जरा बदलली. सरूबाईचा पुतण्या पोपट शिरूरच्या कचेरीत शिपाई होता. त्यानं बातमी आणली, की सरकार आदिवासींचा मुलूख नव्यानं आखतंय. ओढ्यापलीकडच्या वाड्या आणि आपली वाडी मिळून एक पट्टा करायचा विचार चाललाय. पट्ट्यात गेलेल्या वाडीला निधी वेगळा मिळेल, पंचही आपलेच असतील, आणि खालच्या गावच्या पंचायतीपुढं हात पसरायला नको.

"आन् हीर?" सरूबाईनं विचारलं.

"पयली हीरच," पोपट म्हणाला.

तेवढं ऐकलं आणि सरूबाईला झोप येईना. वाडीला विहीर नव्हती. उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि ती उभी चढण चढायची. मागच्या उन्हाळ्यात तिची सून ताईबाई भरल्या हंड्यासकट घसरली आणि पाच महिन्यांचं पोटातलं गेलं. आता ताईबाईला पुन्हा दिवस गेले होते. सून पाण्याला निघाली की सरूबाई चढणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, आणि ती वर येईपर्यंत तिथल्या तिथं येरझाऱ्या घालायची. एकदोनदा तिनं स्वतः हंडा घ्यायचा हट्ट केला, पण मुलगा कामाला बाहेरगावी, घरात दोनच बाया, एकीनं रानात मजुरीला जायलाच हवं होतं.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर वाडीनं काय करावं? सरूबाईनं जे सांगितलं ते वाडीनं केलं. घरं शेणानं सारवली, कुडाच्या भिंतींना पांढरी माती दिली. खालच्या गावातून कपबशा मागून आणल्या, मास्तरांची खुर्ची डोक्यावर घालून वर चढवली. बायांनी लग्नातली लुगडी काढली. आणि दोन दिवस बायाबापड्यांनी झिऱ्यावर खेपा घालून घरटी असतील नसतील तेवढी भांडी काठोकाठ भरून दाराशी मांडली. पुण्याचा माणूस घरी येणार आणि त्याला रिकामं भांडं दिसणार, ही कल्पनाच सरूबाईला सहन होण्यातली नव्हती.

साहेब आले ते रणपिसे. पुण्यात नोकरीला, मूळचे दौंडकडचे, राहू गावच्या बौद्धवाड्यातले. खालच्या गावचा कोतवाल पुढं येऊन ही वार्ता हळूच सांगून गेला होता, आणि वाडीतल्या दोघी म्हाताऱ्या, पाणी कशातनं द्यायचं म्हणून कुजबुजल्या होत्या. सरूबाईनं त्यांना असं झापलं की त्या दिवसभर बाहेर आल्या नाहीत. तिनं स्वतःचा घासलेला तांब्या साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो क्षणभर तसाच धरला, मग घटाघटा प्यायले, आणि आणखी मागितलं. मग कोंबडीचं कालवण झालं, चहा झाला. सरूबाई एकसारखी बोलत होती. साहेब हसत होते.

पंधरा दिवसांनी पोपट आला तो कपाळाला हात लावूनच.

"काकी, वाडी बसत न्हाई म्हणं. सायबांनी लिवलंय, घरं नीटनेटकी, भांडीकुंडी बरी, दारोदार पाणी भरलेलं, लोक धीट आन् बोलके."

"मग? त्यात खोटं काय हाय?"

"त्येच तर नडलं!" पोपट खाली बसला आणि बोटांवर सांगू लागला. "मुलूख आत घ्यायचा तर निम्म्याच्या वर वस्ती आपली पायजे. पलीकडच्यास्नी मोजून ती हाय. जमीन सलग पायजे. ओढ्यापलीकडं धरून ती बी बसतीया. पर मागासल्यापण दिसाय पायजे. आन् आदिवासी कुणाला म्हणायचं त्याच्या खुणा हायेत. आडवळणी ऱ्हाणं, येगळी रीत, आन् बाहेरच्या माणसाला बुजणं."

"बुजणं म्हंजी?"

"म्हंजी पावणा आला की लपायचं. बोलायचं न्हाई."

वाडीत हसं पिकलं. सरूबाई आणि बुजणार! पण सरूबाई हसली नाही. पाहुणचार केला म्हणून विहीर गेली, हे तिच्या डोक्यात शिरता शिरत नव्हतं. ती उठली, बाहेर गेली, आत आली, पुन्हा बाहेर गेली. पोपटनं साहेबांच्या वरच्या साहेबांचे पाय धरून फेरपाहणी मंजूर करून आणली होती, आणि आता एकच सांगणं होतं. या खेपेला काही करू नका. जसं आहे त्याहून वाईट दिसू द्या. बाया आत, पोरं आत, कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. "आन् काकी, तुमी तर मुळीच न्हाई."

"मला न्हाई जमायचं," सरूबाई म्हणाली. "मी बहिणीकडं जाते त्या दिवशी."

"आत्याबाई," ताईबाई म्हणाली. ती चुलीपाशी बसली होती, पोट आता दिसायला लागलं होतं. एरवी ती सासूपुढं चकार शब्द काढायची नाही. "आत्याबाई, एक दिस बुजा की. माझ्यासाठी."

सरूबाईनं होकाराची मान हलवली.

फेरपाहणीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. भिंतींची पांढरी माती बायांनी हातांनी खरवडून काढली होती. भांडी उपडी घालून आत लपवली होती. वाडी मेल्यासारखी पडली होती. रणपिसे साहेब चढण चढून एकटेच आले, कारण पोपटला कचेरीनं सोडलं नव्हतं. साहेब घामानं निथळत होते. पहिल्या खेपेची आठवण असणार, तोंडावर हसू होतं.

"सरूमावशी!" त्यांनी दारात येऊन हाक मारली.

सरूबाई कुडाच्या आत अंधारात बसली होती. दोन्ही हातांनी तिनं स्वतःचे गुडघे आवळून धरले होते. कुडाच्या फटीतून तिला साहेब दिसत होते, आणि साहेबांनाही आतली हालचाल दिसत असणार. ते या दारातून त्या दारात गेले. एक दार त्यांच्या तोंडावर लागलं. एका बाईनं पोराला आत ओढलं. साहेब परत सरूबाईच्या दाराशी आले.

"मावशी, जरा पाणी द्या. फार तहान लागलीय."

सरूबाई अर्धी उठली. ताईबाईनं तिचा पदर धरला. ती खाली बसली.

मग फटीतून सरूबाईनं साहेबांचं तोंड पाहिलं. हसू गेलं होतं. राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता. ते तोंड सगळं समजल्यासारखं झालं होतं, जणू हे आपल्याला नवं नाही, मागच्या वेळी आपणच फसलो. साहेबांनी पिशवी खांद्याला लावली आणि हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाले, "कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, मी कोण ते."

आणि ते चढण उतरायला लागले.

सरूबाईनं ते ऐकलं. ती उठली. ताईबाईनं पदर सोडला नाही. "आत्याबाई, न्हाई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. "जाऊ द्या त्यास्नी. माझं पोर..." सरूबाईनं सुनेची बोटं एकेक करून सोडवली. उपडा घातलेला तांब्या उचलला, झाकून ठेवलेल्या घागरीत बुडवला आणि अनवाणी पळत सुटली.

साहेबांना तिनं निम्म्या चढणीवर गाठलं. तांब्यातलं निम्मं पाणी हिंदकळून सांडलं होतं.

"सायेब, तसं न्हाई. देवाशपथ तसं न्हाई." तिला धाप लागली होती. "आमाला बुजायला सांगितलं व्हतं. हिरीसाठी. म्हणं बुजल्याबिगर मुलूख आत घेत न्हाईत. तुमी कोण ते आमाला पयल्याच खेपंला ठाव व्हतं. प्या आधी."

रणपिसे साहेब दगडावर बसले आणि पाणी प्यायले. पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, डोळे पण पुसले. मग म्हणाले, "मावशी, आता मी काय लिहू? तुम्ही आला नसता तर लिहिलं असतं तुम्हाला हवं तसं."

विहीर अजून तिच्या हातात होती. ओढ्याकडं, मग वर वाडीकडं बघत तिनं मनात सतरा थापा रचून पाहिल्या, पण साहेबांच्या तोंडाकडं बघून एकही बाहेर पडेना. या माणसाला आत्ताच एकदा खोटं दाखवलं होतं, त्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

"दिसलं ते लिवा," ती म्हणाली.

साहेबांनी जे दिसलं ते लिहिलं. सोबत पाण्याबद्दलही कळकळीनं लिहिलं, असं पोपट सांगायचा. पण तपासायच्या खुणांत तहान कुठं नव्हती. पट्टा आखला गेला आणि ओढ्यापाशी थांबला. पलीकडं बहिणीच्या वाडीत सुरुंग उडाले, विहीर खणली गेली. अलीकडच्या वाडीनं सरूबाईला वर्षभर टोचून खाल्लं. ताईबाई कामापुरतं बोलायची, तेही खाली बघून. सरूबाईनं रानातली मजुरी सोडली आणि सुनेच्या डोक्यावरचा हंडा आपल्या डोक्यावर घेतला, आणि बाळंतपण होऊन मुलगी रांगायला लागली तरी तो खाली ठेवला नाही. घरात एक वेळची भाकरी कमी झाली. तिला पस्तावा झाला का? झाला की. रोज त्या चढणीवर व्हायचा. त्या माणसाचं फटीतून पाहिलेलं तोंड आठवलं की थोडा कमी व्हायचा, पण जायचा नाही.

पुढं दोनेक वर्षांत कायदा बदलला. तालुक्यांची अट उडाली. पोपट शिरूरहून धावत आला, तेव्हा सरूबाई भरला हंडा घेऊन चढण चढत होती.

"काकी!" तो वाटेतच आडवा उभा राहून ओरडला. "आपून आता आदिवासी झालो! शिरूरचा ठाकर बी यादीत आला!"

सरूबाई थांबली. मान ताठ ठेवून तिनं नुसते डोळे त्याच्याकडं फिरवले.

"आन् हीर?"

"यादी येगळी, मुलूख येगळा, काकी. त्यो आखून झालाय. आता हलत न्हाई."

"मग वाटंतनं सर बाजूला," सरूबाई म्हणाली. "हंडा जड हाय."