अर्धा वेढा

वैशाखातल्या भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत, आम्ही लग्नाला म्हणून नटूनथटून बैलगाडीत बसलो आणि घर सोडलं. लग्न कुणाचंच नव्हतं. हे गाडीवानाला ठाऊक नव्हतं आणि बार्शी येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. मी दहा वर्षांची, अंगात जरीकाठाचं परकर-पोलकं आणि डोक्यात मावशीच्या घरची बुंदी. तुझे वडील, म्हणजे आमचा नागू, तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि अव्वाच्या, आमच्या आईच्या, मांडीवर झोपला होता.

मुक्ता, परवा परदेशातून फोनवर तू बाळासाठी आणून ठेवलेल्या सामानाची यादी वाचून दाखवलीस. हवा ओलसर ठेवणारं मशीन, अंगाबरोबर दबणारी गादी, पाण्याचा फिल्टर, आंघोळीच्या पाण्याचा ताप मोजणारं बदक. मी हसले म्हणून रागावू नकोस, बदक मला फार आवडलं. शेवटी तू जरा चाचरत म्हणालीस, "आत्या, तुझी ती सहाण पाठवशील का?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. इकडं येडशीच्या बाजूला राहिलेल्या आपल्या लोकांनाही पाठव, कारण अप्पांचं, आमच्या वडिलांचं, घर मजेत बार्शीला गेलं असं त्यांच्यातल्या काहींना अजून वाटतं.

आमचं गाव येडशीपासून गाडीनं तासाभरावर. निझामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला कळणार? लुटालुटीची, जाळपोळीची रोज नवी आवई उठायची. गल्लीतली दोन घरं कुलूप लावून गेली होती. अप्पांचं किराणा दुकान होतं. ते मुळात कमी बोलणारे, त्या दिवसांत तर पार गप्प झाले. एक दिवस त्यांनी अव्वाला सांगितलं की मावशीकडं बार्शीला, निझामाच्या हद्दीबाहेर जायचं, लग्न आहे म्हणायचं आणि लग्नाला जाताना नेतात तेवढंच घ्यायचं.

तेवढंच म्हणजे किती, हे अव्वाला विचारायला हवं होतं. आमच्या घरात सुख होतं ते वस्तूंचं होतं. पाणी गार करणारा रांजण, पाठीला बरी वाटणारी सुंभाची बाज, न्हाणीत रिठ्याची डबी, दात घासायला लिंबाच्या काड्या. गाद्या तर शेजारच्या जैतूनबी खालाच्या नवऱ्यानं, पिंजारी चाचांनी, दर दिवाळीआधी पिंजून दिलेल्या. आणि या सगळ्यांत अव्वाची लाडकी तिची सहाण. माहेराहून आलेली, मधोमध खळगा पडलेली, काळी नितळ. तिच्यावर ती बाळगुटी उगाळायची, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, जायफळ. प्रत्येकाचे दोन वेढे, म्हणजे दगडावर दोनदाच गोल फिरवायचं. आमच्या गल्लीत जन्मलेलं प्रत्येक पोर, खालाची पोरंसुद्धा, अव्वाच्या हातच्या दोन वेढ्यांवर वाढलं होतं, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

तिनं सहाण पदराखाली घेतलेली अप्पांनी पाहिली. "लग्नाला जाणारी बाई दगड घिऊन जाती व्हय? नाक्यावर पयलं तेच इचारतील."

अव्वानं ती पदराखालून काढली. सहाण धुतली, पुसली आणि कोनाड्यात पालथी घालून ठेवली. घरात तान्हं बाळ असताना सहाण पालथी घालत नाहीत, ही आमच्याकडची रीत. मी ते पाहिलं, पण मला बुंदी दिसत होती. गुटीची डबी मात्र तिनं बोचक्यात घातली.

खाला गाडीपाशी आली. नागूच्या गालाला हात लावून म्हणाली, "कब येतीस गं? बच्चे को ऊन लागू देऊ नको."

"आठ दिसांत येतो खाला," अव्वा म्हणाली. तिच्याशी खोटं बोलताना अव्वा दुसरीकडे बघत होती. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं बोचकं सोडलं, गुटीची डबी उघडून हुंगली, माझ्या जरीकाठाकडे बघितलं आणि गाडी सोडून दिली.

बार्शीत मावशीच्या एका खोलीत आम्ही सहाजण. अप्पा एका अडतीवर कामाला लागले. अव्वा दिवसभर कुठल्या तरी वस्तूची आठवण काढायची, पाणी गरम लागतं, पाठ दुखते, रिठा फेसच देत नाही. मावशी म्हणायची, "अगं, जीव वाचला ते बघ की." ते खरंच होतं, पण गरम पाणी गरमच लागतं.

आठवड्याच्या बाजारातून अव्वानं पाथरवटाकडची नवी सहाण आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागूला न्हाऊ घालून गुटी उगाळली, सवयीनं, प्रत्येकाचे दोन वेढे. नागू झोपला. दुपारच्या दुधाला उठला नाही. अव्वाला आधी बरंच वाटलं, पोरगं किती दिवसांनी शांत निजलंय म्हणून. ऊन उतरलं तरी तो उठेना. तळपाय चोळले, डोळ्यांना पाणी लावलं, मान नुसती कलंडायची. मावशी अनवाणी धावत जाऊन वैद्यांना घेऊन आली.

वैद्य म्हातारे होते. त्यांनी नाडी पाहिली, पोराला उभं धरायला लावलं, अजिबात निजू देऊ नका म्हणाले. मग विचारलं, काय दिलं? अव्वा म्हणाली, "रोजचंच दिलं. दोनच वेढे." त्यांनी सहाण मागितली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून तसेच खरखरीत होते. "बाई, जुन्या दगडावर दोन वेढ्यांत जेवढं उतरायचं, त्याच्या तिप्पट इथं उतरलंय. जायफळ आहे ते."

दिवेलागणीला नागू रडला. इतकं सुरेल रडणं मी नंतर कुठल्याच गवयाकडून ऐकलं नाही. अव्वा मात्र त्याला जवळ घेईना. भिंतीला टेकून स्वतःच्या हाताकडे बघत बसली. मावशीनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं तेव्हा कुठं तिनं त्याला धरलं.

त्यानंतर तिनं गुटीची डबी फळीवर टाकली. वेखंडाला हात लावीना. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा मावशीला विचारू लागली. आमच्या गल्लीची ती वैदीण, आणि तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच गेला. मला त्या दिवसांत तिची भारी कीव यायची, आणि थोडा रागही. एकच म्हणायची, "माझी सहाण आणून द्या, मग बघू."

पोलीस ॲक्शन झाली, निझामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर अव्वा सहाण आणायला गावाकडे निघाली, मी बरोबर. घराचं दार उघडंच होतं. बाज नव्हती, गाद्या नव्हत्या, रांजण फुटलेला. कोनाडा रिकामा. अव्वा तशीच शेजारी गेली.

खाला ओसरीवर बसली होती, मांडीवर नातू. पिंजारी चाचा त्या धामधुमीत गेले ते परत आले नव्हते. त्यांची कापूस पिंजायची धनुकली भिंतीला नुसती टांगलेली. आणि खालासमोर अव्वाची सहाण होती, ओली, हळकुंडाची पिवळी रेघ असलेली.

"दोनच वेढे बोलली होतीस ना गं?" खालानं विचारलं. कशी आहेस नाही, कधी आलीस नाही.

"व्हय. दोनच." अव्वा खाली बसली. मग म्हणाली, "खाला, लगीन नव्हतं."

"मालूम था. सहाण पालथी घालून गेलीस. पोर कडेवर असताना कोण घालतंय? सांजच्याला मी आत बघितलं, तवाच समजले."

"मग कुणाला बोलला न्हाईत?"

"किसको बोलू? आणि का?" खालानं सहाण पुसली आणि अव्वापुढं सरकवली. "ले जा. तुझीच हाय. जतन करून ठेवली."

अव्वानं ती उचलली. खळग्यात अंगठा घातला. त्या पोराकडे बघितलं, भिंतीवरच्या धनुकलीकडे बघितलं. मग सहाण खालासमोर ठेवली, सुलटी. "ऱ्हाऊ द्या. हितल्या पोराला हितलीच लागंल." दोघी रडल्या, मीही रडले, नातू तेवढा गप्प होता.

बार्शीला परतल्यावर दुसऱ्या सकाळी अव्वानं फळीवरची डबी काढली. नव्या दगडावर प्रत्येकाचा अर्धा वेढा फिरवला, जायफळ बाजूला ठेवून. बोटाचं टोक चाटून बघितलं आणि मगच नागूला दिलं. पुढं आणखी एक भाऊ झाला, त्याच्या वेळी एक वेढा. आम्ही गावाकडं परत गेलोच नाही. दहा-अकरा वर्षांनी मी पहिलटकरीण म्हणून माहेरी बार्शीला आले. बाराव्या दिवशी अव्वानं सहाणेवर अंगठा फिरवला आणि सहज म्हणाली, "आता दोन झाले तरी चालतील." ती बार्शीची झाली हे मला त्या दिवशी कळलं. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे.

तीच बार्शीची सहाण आज पुण्यात माझ्या ओट्यावर आहे, झिजून आरशासारखी. मुक्ता, ती मी पाठवत नाही. हवाबिवा ओलसर ठेव, बदक पाण्यात सोड, डॉक्टर नको म्हणाले तर बाळाच्या तोंडात काही घालू नकोस, नुसतं चंदन उगाळ. पण दगड तिथलाच घे. सुरुवातीला तो तुझ्या अंगावर येईल, तिथलं सगळंच येतं. घाबरून हात आखडू नकोस आणि इथल्या सवयीनं जोरही लावू नकोस. अर्ध्या वेढ्यानं सुरुवात कर. ज्या दिवशी दोन होतील, त्या दिवशी मला फोन कर. मी नसले तर नागूला कर. त्याला सांग, मुक्ता घरी पोचली.