कपाटावरचा प्रथमोपचार

माझ्या शेजारच्या टेबलावरचे हे कारकूनबुवा मलमपट्टीचा वर्ग करून आले आणि लगेच संस्थान विलीन झालं. गोरखी वाड्यातल्या आमच्या दरबारी कचेरीत हातपाय शाबूत असलेली माणसं कोसळू लागली. यांनी त्यांनाही तेच नियम लावले: गर्दी हटवायची, गळ्याचं बटण सैल करायचं, शेजारी बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत.

आपलं दरबारी पद रद्द झाल्याचा हुकूम येताच आमचे मुख्य कारकून, बडेबाबू, पगडीसकट दप्तराच्या कपाटावर चढून बसले. नव्या साहेबांनी खालून राष्ट्रउभारणीवर भाषण सुरू केलं.

"साहेब, जरा हटा, पेशंटला हवा लागू द्या," म्हणत हे वर चढले. दोघं दुपारभर न बोलता बसले. चारच्या सुमारास बडेबाबू म्हणाले, "भूक लागली हो," आणि उतरले.

पुढल्या महिन्यात यांचंच टेबल रद्द झालं. मी जेवून आलो, तर हे कपाटावर. मला त्यांचं शास्त्र येत नव्हतं. तरी चढलो आणि त्यांच्या गळ्याच्या बटणाला हात घातला.

"ते मी केव्हाच सैल केलंय," ते म्हणाले. "तुम्ही नुसते बसा."