क्वी न्योन रोड

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी मस्कतमध्ये जो तो दुसऱ्याच्या नोकरीची काळजी करत होता. स्वतःच्या नोकरीबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. आमची कंपनी बंदरांना जोडणाऱ्या रस्त्यांचे आणि रेल्वेचे आराखडे करायची. कुरुमच्या ऑफिसात आमच्या ओमानी साहेबांनी मला बोलावलं. "इधर काम खलास. व्हिएतनाम जाओ, टू इयर्स. यल्ला, चलो, फॅमिली को बोलो."

फॅमिली म्हणजे बायको. ती इथे शाळेत शिकवायची. माहेर सावंतवाडीचं. तिथे तिचे वडील एकटे राहायचे, हृदयाचं दुखणं अंगावर घेऊन आणि कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवून.

आठवडाभर मी व्हिएतनामचा अभ्यास केला. दा नांग हे मोठं बंदराचं शहर कुठल्याच प्रांतात मोडत नाही, त्याचा कारभार थेट हनोईशी. लग्नात वेगळं ताट मागणाऱ्या जावयासारखा त्याचा रुबाब. आमच्या वाट्याला आलेलं क्वी न्योन मात्र बिन्ह दिन्ह प्रांताच्या हाताखालचं. शहराची समिती, तिच्यावर प्रांताची समिती, आणि एक जोडरस्ता करायचा तर दोन्हीकडे नमस्कार. हे सगळं मी अझैब्यातल्या आमच्या घरी हॉलमध्ये लॅपटॉप लावून बायकोला समजावलं. नकाशावर बंदर, विमानतळ, हायवे, रेल्वे, सगळीकडे मी लाल बाण काढले होते. शेवटी म्हणालो, "कनेक्टिव्हिटी एकदम झकास."

"स्टेशन गावात आहे, की रोड?" तिने विचारलं.

कोकण रेल्वेवाल्या माणसालाच असला प्रश्न सुचतो. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाडी तुम्हाला भलतीकडे उतरवणार आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. मी शोधलं. लांब पल्ल्याच्या गाड्या दियू त्री नावाच्या स्टेशनवर थांबत होत्या, शहराबाहेर.

"म्हणजे क्वी न्योन रोड," ती म्हणाली. "आणि विमानतळ?"

तोही फू काट नावाच्या दुसऱ्याच गावी. माझ्या लाल बाणांची पार अब्रू गेली. मी चिडलो. "तुला यायचंच नाहीये, सरळ सांग ना!"

"अहो, बाबांना काही झालं तर मी कधी पोचेन, एवढंच सांगा."

मस्कतहून गोव्याला थेट विमान होतं. तिथून सावंतवाडी गाडीने जेमतेम दोन तास. क्वी न्योनहून मी मोजू लागलो. आधी फू काट, मग सायगॉन, मग बँकॉक किंवा सिंगापूर, मग मुंबई, मग गोवा. एवढी वर्षं मी लोकांना कनेक्टिव्हिटी विकत आलो होतो, आणि घरच्या या एका प्रश्नाला एका हाताची बोटं संपली. मला तिची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

तिने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"माका काय झाला तर तू येवन काय करतलंस?" म्हातारा कडाडला. "उचलूक चार माणसा आसत हय. घोवावांगडा जा गपचूप!"

नवऱ्याबरोबर जायचा हा हुकूम ऐकून तिने फोन ठेवला आणि ती हसली. मग हसता हसता रडायला लागली. मला काय करावं कळेना, म्हणून मी चहा ठेवला आणि तोही उतू घालवला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "फॅमिली प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "सासरे." त्यांनी मान हलवली. सासरे प्रकरण ओमानमध्येही असावं. नोकरी वाचली, पण माझी रवानगी रुवीच्या जुन्या ऑफिसात झाली, गोदामांचे नकाशे तपासायला. तिथे एसी आवाज फार करायचा आणि थंड काहीच करायचा नाही.

सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी बोलेनासे झाले. गावभर सांगत सुटले, "जावय माज्या मरणाची वाट बघीत मस्कतात बसलो हा."

तसं खोटं नव्हतं. बसलोच होतो.