मागून दिसलेलं लाल हेल्मेट

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी हेल्मेटच्या पट्ट्याकडे जातो.

मी तेव्हा कल्याणला पोलीस अधिकारी होतो. तिथल्या एका महाविद्यालयात फीवाढीविरुद्ध आंदोलन चाललं होतं आणि आंदोलकांचे दोन गट पडले होते. दोन्हीकडची काही मुलं ठाण्याच्या नौपाड्यात एकाच जपानी भाषेच्या वर्गाला जात. तिथे त्यांनी महायुद्धानंतरच्या जपानमधल्या विद्यार्थी आंदोलनाचे फोटो पाहिले. प्रत्येक गटाच्या हेल्मेटचा रंग वेगळा. पोरांना ते आवडलं. एका गटाने आपली हेल्मेटं लाल रंगवली, दुसऱ्याने पांढरी.

एके दिवशी फाटकापाशी मारामारी झाली. मागून बसलेल्या काठीने पांढऱ्या गटातल्या मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या जिवलग मित्राने फिर्याद दिली आणि लाल गटाच्या म्होरक्याचं नाव घेतलं. त्या म्होरक्याला आम्ही त्याच्या आंबिवलीच्या घरून आणलं. त्याला जपानमध्ये नोकरी लागली होती. गुन्ह्यात नाव आलं असतं तर सगळं संपलं असतं. बाहेर बाकावर बसलेली त्याची आई हवालदाराला पुन्हा पुन्हा विचारत होती, "दादा, याचं जपान गेलं का?"

चौकशीत तो नाकारत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, जपानमध्ये पुढे पोरांनी एकमेकांचेच जीव घेतले. ते आम्ही नंतर वाचलं. फोटो आधी बघितले."

मला ते पाठ केलेलं वाटलं. आमच्या खबऱ्या रिक्षावाल्याने सांगितलेलंही मी सोडून दिलं होतं. त्याचं म्हणणं, मार लालवाल्याने खाल्ला. जखमी तर पांढऱ्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात हवालदाराने बक्कल न उघडताच हेल्मेट डोक्यावरून उचललं. मी पट्ट्याचं विचारलं.

"पट्टा कोण लावतं साहेब? हे दंडापुरतं."

मारामारीत अशी हेल्मेटं उडाली असतील, हे डोक्यात आलं आणि तसाच रुग्णालयात गेलो. फिर्यादी मित्र उशाशी बसून जखमीला शहाळं पाजत होता. मार बसला तेव्हा डोक्यावर काय होतं, हे मी विचारलं.

"माझं आधीच उडालेलं, सर. खाली पडलेलं एक उचलून घातलं. रंग कोण बघतो?"

मित्राच्या हातातलं शहाळं कलंडलं. तो चादर पुसायला लागला. मग म्हणाला, "मागून लालच दिसलं, सर."

जखमीने मान त्याच्याकडे वळवली. "गाढवा," म्हणाला, "आणि दोन दिवस मला शहाळी पाजतोयस?" हसताना त्याचा खांदा दुखला.

पुढे न्यायालयाच्या परवानगीने या दोघा मित्रांत तडजोड झाली. आंबिवलीच्या मुलाचं नाव वगळण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला. त्या पोरांसारखाच मीही रंग बघून माणूस ठरवला होता, हे मला अजून टोचतं. त्यानंतर मनाजोगता आरोपी सापडला की मी खबऱ्याचं म्हणणं दुसऱ्यांदा ऐकून घ्यायचो.

जपानला जाण्याआधी तो मुलगा आईला घेऊन भेटायला आला. माउलीने पेढा हातावर ठेवला. पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर त्याला स्टेशनवर सोडायला तोच खांदा मोडलेला मुलगा दुचाकीवर थांबला होता. मी लांबूनच ओरडलो, "पट्टा लाव रे."

त्याने लावला.